पदक आधी, मणी मागून

हस्तकलेच्या प्रदर्शनात बस्तरच्या किंवा आदिलाबादच्या ढोकरा कामाचं एखादं पितळी पदक आवडतं, घरी येतं, आणि मग त्याला शोभतील असे मणी शोधायला बाजार गाठला जातो. तिथे निवड होते ती बहुधा रंगावरून. पितळ पिवळं, म्हणून निळे मणी उठून दिसतील. नाहीतर साडीच्या काठाशी जुळणारे घेऊ. हार ओवून होतो, आरशात बराही दिसतो. पण घालून वावरायला लागलं की तासाभरात पदक उलटं फिरतं, मानेमागची आकडी खांद्यावर येते आणि काही महिन्यांत दोरा नेमका पदकापाशी तुटतो. दोष रंगाचा नसतो. तो विचाराच्या क्रमाचा असतो. कारागिराच्या हातच्या पदकाभोवती हार करायचा, तर सुरुवात पदकाचं वजन, त्याची कडी आणि त्याचा पृष्ठभाग या तीन गोष्टींपासून करायला हवी. त्या नीट पाहिल्या की मण्यांचा आकार, हाराची लांबी, दोरा आणि बऱ्याच अंशी रंगसुद्धा त्यातूनच ठरत जातो.

ढोकऱ्याचं पदक साच्यातून छापून निघालेलं नसतं. मधमाश्यांचं मेण आणि राळ यांचे बारीक धागे वळून कारागीर आकृती घडवतो, तिच्यावर मातीचे थर देतो आणि तापवून मेण वाहू देतो. रिकाम्या झालेल्या जागेत वितळलेलं पितळ ओततो आणि शेवटी साचा फोडतो. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून तंतोतंत सारखी दोन पदकं मिळत नाहीत. मोहेंजोदडोची सुमारे साडेदहा सेंटिमीटर उंचीची ‘नर्तकी’ याच मेण-ओतकामातून घडली होती. आज बस्तरचे घडवा कारागीर आणि महाराष्ट्राला खेटून असलेल्या आदिलाबाद परिसरातले ओझा कारागीर ही विद्या चालवत आहेत. आदिलाबादच्या ढोकऱ्याला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हार करणाऱ्याने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेणाच्या धाग्यांच्या रेषा पितळात जशाच्या तशा उतरलेल्या असतात आणि पदकाचं सगळं सौंदर्य त्या रेषांत असतं. त्यांच्या शेजारी पैलूदार, लखलखणारे मणी ठेवले की नजर तिकडे पळते आणि रेषा हरवतात. साधे, गुळगुळीत, कमी चमकीचे मणी घेतले की त्याच रेषा वाचता येतात. पृष्ठभागाने रंगाआधीच निम्मा निर्णय दिला, तो असा.

वजनाचा हिशेब तर घरबसल्या होतो. पितळ अकीकाच्या तिपटीहून जड असतं. ४ सेंटिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची भरीव पितळी चकती सुमारे २१ ग्रॅम भरते. आता ४५ सेंटिमीटर लांबीचा अकीकाचा सर घ्या. मणी १० मिलिमीटरचे असतील तर साधारण ४५ मणी लागतील आणि सराचं वजन ६० ग्रॅमच्या आसपास जाईल. तेच ६ मिलिमीटरचे ७५ मणी ओवले तर सर २२ ग्रॅमांत बसेल. पहिल्या हारात सर पदकाच्या तिप्पट जड होतो. पदकाला त्याला खाली ओढून धरता येत नाही, म्हणून ते हलतं, फिरतं, उलटतं. दुसऱ्या हारात दोन्ही तोलामोलाचे असतात आणि पदक छातीच्या मधोमध राहतं. मोठेच मणी हवे असतील तर लाकडाचे घ्यावेत. १० मिलिमीटरचे असूनही त्यांचा सर १५ ग्रॅमच्या आसपास राहतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जड पदक सराला खाली टोकदार वळण देतं आणि मोठे मणी त्या वळणात वाकू शकत नाहीत. त्यांच्यामध्ये फट पडते, तिथे दोरा उघडा दिसतो आणि झिजतोही तिथेच. नुसत्या मण्यांच्या माळेत सर्वांत मोठा मणी मधोमध ठेवतात. पदक असलेल्या हारात हा क्रम उलटा करावा आणि पदकाजवळच्या दोन-तीन सेंटिमीटरांत सर्वांत बारीक मणी यावेत.

कडी पाहण्याचं कारण वेगळं. ढोकऱ्याच्या पदकाची कडी बहुधा पदकाबरोबरच ओतलेली असते. तिची आतली बाजू कानसलेली असेलच असं नाही आणि त्या खरखरीत कडेवर दोरा घासत राहतो. उपाय साधा आहे: कडीत आधी तारेचं गुळगुळीत कडं घालावं किंवा कडीतून जाणारा दोरा बारीक मण्यांनी झाकावा. मण्यांचे वेजही असेच दगाबाज असतात. दगडाच्या मण्याला दोन्ही बाजूंनी वेज पाडतात. आत जिथे ते मिळतात तिथे आणि तोंडाशी धार राहू शकते. शिवाय अकीक पितळाहून कितीतरी कठीण असतो, म्हणून तो पदकाला थेट टेकला की पितळावर चरे उठतात. मध्ये एक गाठ किंवा पितळेचा लहान मणी आला की हे टळतं.

दोऱ्याला इतकं महत्त्व देणं कुणाला अतिरेक वाटेल. पण पूर्वी आपल्याकडे घरोघरीचे दागिने गाठवून देणारे पटवेकरी होते, त्यांचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा होता. मोत्यांच्या सरात दर मोत्यामागे गाठ मारण्याची रीत दिखाव्यासाठी पडलेली नाही. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर सगळा सर विखुरत नाही. याहून जुना पुरावा नेवाशाचा आहे. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तांब्याच्या सहवासामुळे तिच्या दोऱ्याचे अंश टिकून राहिले होते. त्या धाग्यात कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात माळ ओवणारा माणूस दोऱ्यासाठी रेशीम वापरत होता.

पदकाने हार ठरवावा, याचा सर्वांत चांगला मराठी दाखला तन्मणी. हिरे, माणकं, पाचू जडवलेलं त्याचं खोड हा दागिन्याचा जीव. त्याला धरून असतात बारीक मोत्यांचे अनेक सर. एका जाड सराऐवजी अनेक बारीक सर घेतल्याने खोडाचा भार मानेवर पसरतो, सर खोडापाशी मऊपणे एकत्र येतात आणि मोत्यांचा सौम्य उजाळा जडावाशी स्पर्धा करत नाही. वजन, जोड आणि पृष्ठभाग या तिन्ही प्रश्नांना तन्मण्यात एकच उत्तर दिलेलं आहे. तन्मणी मला म्हणूनच मराठी दागिन्यांतला सर्वांत विचारी दागिना वाटतो.

यावर कोल्हापुरी साजाचं उदाहरण पुढे करता येईल. त्यात परंपरेने २१ पानं असतात: दशावताराची १०, अष्टमंगलाची ८, माणिक आणि पाचूची २ आणि १ ताईत. इतक्या आकृत्या एका हारात नांदत असतील, तर एकाच पदकाला राज्य का द्यायचं? पण साज नीट पाहिला तर पानांच्या मध्ये येणारे मणी लहान आणि एकसारखे असतात. बोलतात ती पानं, मणी त्यांना जागा देतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मणी घडवणाराही कारागीरच असतो. खंभातच्या अकीककामाची परंपरा हडप्पा काळापर्यंत मागे नेली जाते. मग त्याच्या कामाला दुय्यम का ठरवायचं? माझं उत्तर असं की, मणी तितकाच देखणा असेल तर त्यालाच पदकाची जागा द्यावी. एक मोठा, रेषा-रेषांचा अकीक मधोमध घ्यावा आणि भोवती साधा दोरा किंवा लहान पितळी मणी ठेवावेत. दोन उत्तम कामांना एकाच हारात झुंजायला लावलं तर दोघांचाही अपमान होतो.

रंगाचं काय, हा प्रश्न उरतोच, कारण डोळ्यात आधी भरतो तो रंगच. रंगाचं महत्त्व मी नाकारत नाही, त्याची पाळी शेवटी यावी एवढंच म्हणतो. आकार, वजन आणि पोत ठरल्यावर समोर थोडेच मणी उरतात. त्यांतून आवडीचा रंग खुशाल निवडावा. मात्र बाजारातला झगझगीत निळा, गुलाबी, पोपटी अकीक बहुतेक रंगवलेला असतो, हे माहीत असावं. भाजून आलेला अकीकाचा तांबूस रंग पितळाशेजारी मला अधिक खरा वाटतो.

तेव्हा पदक घेताना त्याच्या कडीत दोरा घालून ते लोंबतं धरून पाहा: सरळ राहतं का, पुढे झुकतं का. घरच्या वजनकाट्यावर ते तोला आणि तो आकडा घेऊन मण्यांच्या दुकानात जा. मानेमागे पक्क्या आकडीऐवजी ठुशीसारखी सरकत्या फासाची दोरी लावा, म्हणजे एकच हार साडीवरही बसेल आणि कुडत्यावरही. आणि पदक घडवणाऱ्याचं नाव-गाव विचारून लिहून ठेवा.