बिरबलाची काठी आणि पोलिसातली नोकरी

बिरबलाच्या काठीची गोष्ट आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. एका व्यापाऱ्याच्या घरी चोरी होते आणि संशय नोकरांवर येतो. बिरबल प्रत्येक नोकराला सारख्या लांबीची एकेक काठी देतो आणि सांगतो, की ही जादूची काठी आहे, चोराची काठी रात्रीतून दोन बोटे वाढेल. सकाळी एकाची काठी दोन बोटे आखूड भरते. वाढली तर पकडले जाऊ, या भीतीने त्याने ती रात्रीच कापलेली असते.

या गोष्टीतल्या दोन बाबी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक तर काठीत जादू मुळीच नव्हती, काम केले ते चोराच्या मनातल्या विश्वासाने. दुसरी बाब सहसा कोणी बोलून दाखवत नाही. जे नोकर निर्दोष होते त्यांच्या काठ्या जशाच्या तशा राहिल्या. ते रात्री कितीही घाबरले असते, कुशी बदलत जागे राहिले असते, तरी त्यांची काठी तसूभरही वाढली नसती.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे पोलीस दलात किंवा 'एफबीआय' या केंद्रीय तपास संस्थेत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाला मुलाखत, शारीरिक क्षमतेची चाचणी, वैद्यकीय तपासणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी अशा अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. अनेक पोलीस दलांत आणि केंद्रीय संस्थांत त्यांपैकी एक पायरी असते पॉलीग्राफ चाचणीची. वर्तमानपत्रे ज्याला 'खोटे पकडणारे यंत्र' म्हणतात तेच हे. उमेदवाराने पूर्वी केलेला गुन्हा, अमली पदार्थांचे सेवन किंवा अर्जात दिलेली खोटी माहिती लपवली आहे काय, हे त्यावरून ठरवायचे असते. इथे यंत्रासमोर बसणारा माणूस आरोपी नसून नोकरी मागायला आलेला असतो, आणि या साध्या फरकामुळे सगळे गणितच बदलते. ते कसे, हे पाहण्यापूर्वी यंत्राची ओळख करून घेऊ.

पॉलीग्राफ म्हणजे अनेक आलेख एकाच वेळी काढणारे उपकरण. छातीभोवती आणि पोटाभोवती बांधलेल्या दोन नळ्या श्वासाची लय नोंदवतात. दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा असतो, तो नाडीचे ठोके आणि रक्तदाबातील चढउतार टिपतो. बोटांवर दोन छोटे विद्युत्अग्र लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजतात. ही शेवटची नोंद सर्वांत बोलकी. तळहाताच्या आणि तळपायाच्या घामग्रंथी उकाड्यापेक्षा मनातल्या खळबळीला अधिक दाद देतात. त्यांचे नियंत्रण अनुकंपी चेतासंस्थेकडे असते आणि त्यावर आपली इच्छा चालत नाही. प्रश्न कानावर पडल्यावर काही सेकंदांतच घामग्रंथींच्या नलिकांत खारट पाणी चढते, खारट पाण्यातून वीज सहज वाहते, आणि आलेखाची रेषा वर जाते. परीक्षेचा निकाल ऐकताना तळहात ओले होतात, त्याचे कारण हेच.

पण रेषा वर गेली याचा अर्थ काय? अनुकंपी चेतासंस्था जागी झाली, एवढाच. ती खोटे बोलताना जागी होते, तशी संतापाने, शरमेने, अपमानाने, आणि 'आता माझ्यावर संशय घेतला जाणार' या विचारानेही होते. फक्त खोटे बोलतानाच उमटेल आणि एरवी कधीही उमटणार नाही, अशी शरीरातील कोणतीही खूण आजवर सापडलेली नाही. तापमापक ताप दाखवतो, तो हिवतापाचा की विषमज्वराचा हे सांगत नाही. तसेच हे.

यंत्राचा जन्मच पोलीसचौकीतला. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांना पोलीस खात्यात विज्ञान आणण्याची मोठी हौस होती. त्यांच्या हाताखालचे जॉन लार्सन हे शरीरक्रियाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले पोलीस शिपाई. हा योग दुर्मीळच म्हणायचा. १९२१ मध्ये लार्सन यांनी रक्तदाब आणि श्वसन यांची सलग नोंद करणारे उपकरण जुळवले. त्याआधी काही वर्षे हार्वर्डमध्ये विल्यम मार्स्टन यांनी रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचे प्रयोग केले होते. याच मार्स्टननी पुढे १९४१ मध्ये 'वंडर वुमन' ही चित्रकथेची नायिका जन्माला घातली. तिच्याजवळ असलेल्या दोरीचा फास पडला, की माणसाला खरेच बोलावे लागते! दोरीला जमले ते रक्तदाबाच्या पट्ट्याला जमले नाही. मार्स्टन यांच्या चाचणीचा पुरावा १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने नाकारला. त्यानंतर पाऊण शतक उलटल्यावर, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही पॉलीग्राफच्या विश्वासार्हतेबद्दल वैज्ञानिकांत एकमत नसल्याचे नमूद केले. खुद्द लार्सन उत्तरायुष्यात आपल्या यंत्राच्या वापरावर कमालीचे नाराज होते.

नोकरीच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा मोठा मजेशीर आहे. दुकाने, बँका, कारखाने आपल्या कामगारांच्या सर्रास चाचण्या घेऊ लागले, तेव्हा १९८८ मध्ये कायदा करून बहुतेक खाजगी मालकांना तसे करण्यास बंदी घालण्यात आली. सरकारला मात्र त्यातून सूट मिळाली. म्हणजे दुकानातल्या विक्रेत्याची नोकरी ज्या यंत्राच्या भरवशावर ठरवू नये, त्याच यंत्रावर पोलिसाची नोकरी ठरवायला हरकत नाही!

प्रत्यक्ष चाचणीत यंत्राआधी गप्पा होतात. परीक्षक तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ उमेदवाराशी बोलतो, सगळे प्रश्न आधी वाचून दाखवतो आणि यंत्र किती अचूक आहे हे त्याच्या मनावर बिंबवतो. प्रश्नांच्या पद्धती निरनिराळ्या आहेत, त्यांपैकी एका प्रचलित पद्धतीत तीन प्रकारचे प्रश्न असतात. 'या खोलीत दिवा लागला आहे का?' हा बिनमहत्त्वाचा. 'एखादा गंभीर गुन्हा तुम्ही लपवला आहे का?' हा खरा मुद्द्याचा. आणि 'तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाशी तुम्ही कधी खोटे बोललात का?' हा तुलनेचा. तिसऱ्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाचे खरे उत्तर 'हो' असते, परंतु परीक्षक संभाषण असे वळवतो की उमेदवार अवघडून 'नाही' म्हणतो. गृहीत असे, की प्रामाणिक माणसाला तुलनेचा प्रश्न अधिक टोचेल आणि गुन्हेगाराला मुद्द्याचा.

हे गृहीतक जरा उलटून पाहा. एक प्रामाणिक पण भिडस्त तरुण खुर्चीत बसला आहे. आयुष्यभर उराशी बाळगलेली नोकरी एका प्रश्नावर टांगलेली आहे, हे त्याला माहीत आहे. 'गंभीर गुन्हा' हे शब्द उच्चारले जाताच त्याच्या छातीत धस्स होईल, की पूर्वी कधीतरी मित्राला मारलेल्या थापेने? उलट एखादा निर्ढावलेला माणूस तुलनेचा प्रश्न ओळखून त्या क्षणी जीभ चावतो, पायाची बोटे जमिनीवर दाबतो किंवा मनात अवघड वजाबाक्या करतो. तिथली रेषा वर गेली, की मुद्द्याच्या प्रश्नाची रेषा आपोआप थिटी ठरते. अशा युक्त्या शिकवलेल्या लोकांवर प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या, तेव्हा त्यांतले बरेच जण सुटले.

याचे गाजलेले उदाहरण ऑल्ड्रिच एम्स यांचे. अमेरिकेच्या 'सीआयए' या गुप्तहेर खात्यातला हा अधिकारी १९८५ पासून सोव्हिएत संघाला गुपिते विकत होता. या काळात, १९८६ आणि १९९१ मध्ये, त्याने खात्याच्या दोन पॉलीग्राफ चाचण्या दिल्या आणि दोन्ही पार केल्या. रशियन मंडळींनी दिलेला सल्ला साधा होता: रात्री नीट झोप, सकाळी शांत मनाने जा, परीक्षकाशी गोडीने वाग. एम्सला १९९४ मध्ये अटक झाली. त्याच वर्षी एफबीआयने आपल्याकडे येणाऱ्या नव्या उमेदवारांना पॉलीग्राफ लावायला सुरुवात केली.

आता गणित. समजा, चाचणी शंभरातील नव्वद वेळा बरोबर निर्णय देते, खोटारड्यांबाबतही आणि खऱ्यांबाबतही. (हा आकडा आम्ही यंत्राला सढळ हाताने दिला आहे.) पोलिसांनी पक्क्या संशयावरून १००० माणसे तपासली आणि त्यांतली ५०० खरोखर दोषी निघाली, असे धरू. चाचणी ४५० दोषींना पकडेल आणि ५० निर्दोषांना चुकून अडकवेल. नापास ५००, त्यांत निर्दोष १० टक्के. ठीक आहे, निदान विचार करण्यासारखे आहे.

पण आता १००० उमेदवार आले आहेत. पोलिसात भरती व्हायला येणारे बहुतेक लोक सरळच असणार, तेव्हा ५० जणांनी काही गंभीर बाब लपवली आहे असे धरू. त्या ५० पैकी ४५ पकडले जातील, ५ सुटतील. राहिलेल्या ९५० प्रामाणिकांपैकी दर दहात एक, म्हणजे ९५ जण, नापास ठरतील. एकूण नापास १४०, त्यांतले ९५ प्रामाणिक. म्हणजे 'खोटारडा' असा शिक्का बसलेल्या दर तिघांपैकी सुमारे दोघे खरे बोलत होते! यंत्र तेच, अचूकता तीच, बदलले ते फक्त समोर बसलेल्या लोकांमधले दोषींचे प्रमाण. 'चाचणी ९० टक्के अचूक आहे' आणि 'नापास झालेला माणूस ९० टक्के दोषी आहे' ही दोन विधाने एकच आहेत असे आपल्याला वाटते, तिथेच घोटाळा होतो. आमच्या अनुभवात शास्त्राचे पदवीधरही इथे हमखास फसतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने संख्याशास्त्रज्ञ स्टीफन फिनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने २००३ मधल्या अहवालात असेच एक उदाहरण मांडले. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत. दहातले आठ हेर सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर ८ हेरांसोबत १,५९८ निर्दोष माणसे नापास होतात. निर्दोषांना वाचवण्यासाठी चाचणी सैल केली, तर केवळ ३९ निर्दोष अडकतात, पण दहापैकी ८ हेर निसटतात. एका विशिष्ट घटनेबद्दल विचारले असता पॉलीग्राफ निव्वळ अंदाजापेक्षा बराच सरस ठरतो, पण परिपूर्णतेपासून बराच दूर राहतो, असे समितीने म्हटले. भरतीच्या चाचणीत तर विशिष्ट घटनाही नसते. 'तुम्ही कधी काही गंभीर केले आहे का?' असला मोघम प्रश्न असतो, म्हणून तिथली अचूकता आणखी कमीच असणार.

तरीही चाचण्या वाढल्या. सीमेवरच्या सुरक्षा दलातील भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी २०१० मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि त्या दलाच्या प्रत्येक उमेदवाराला पॉलीग्राफ सक्तीचा झाला. २०१७ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या बातम्यांनुसार सुमारे दोन तृतीयांश उमेदवार त्यात नापास होत होते आणि दलाला माणसे मिळेनाशी झाली होती. नापास झालेल्यांत खोटारडे किती आणि घाबरलेले किती, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

मग अनुभवी पोलीस अधिकारी या यंत्राला इतके का चिकटून आहेत? त्यांना मूर्ख समजण्याचे कारण नाही. त्यांचे म्हणणे असे, की खुर्चीत बसण्याआधी किंवा उठल्यानंतर कित्येक उमेदवार स्वतःहून गुन्हे कबूल करतात. हे खरे आहे. पण हे काम आलेखाचे नसून बिरबलाच्या काठीचे आहे. उमेदवाराचा यंत्रावर विश्वास असेल तोवर काठी चालते. कबुली मिळाली तर ती तपासून पाहता येते, तिच्यावरून एखाद्याला नाकारण्यात काही गैर नाही. फरक पडतो तो कबुली न देणाऱ्यांच्या बाबतीत. बिरबलाने निर्दोष नोकरांच्या काठ्या मोजून त्यांना घरी पाठवले. इथे निर्दोषाचीही काठी दोन बोटे वाढलेली भरू शकते, आणि ती का वाढली हे त्याला कुणापुढे सिद्ध करता येत नाही. न केलेल्या गोष्टीचा पुरावा तो कुठून आणणार?

आपल्या देशात या चाचणीची चर्चा मुख्यतः गुन्ह्यांच्या तपासापुरती राहिली आहे. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ठरवले, की कोणावरही सक्तीने पॉलीग्राफ, नार्को किंवा मेंदूलहरींची चाचणी करता येणार नाही. संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष हा थेट पुरावा होत नाही. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. अमेरिकेतला उमेदवारही संमतिपत्रावर सही करतो, परंतु सही नाकारली तर नोकरीचा प्रश्नच मिटतो, तेव्हा ती संमती कितपत मोकळी म्हणायची?

वर्गात पेन किंवा डबा हरवतो तेव्हा आपण शिक्षकही नकळत पॉलीग्राफ होतो. मुलांचे चेहरे न्याहाळतो, आणि ज्याचा चेहरा लाल झाला, ज्याने मान खाली घातली, त्याच्यावर नजर ठरते. लाल होणारे मूल बहुधा भित्रे असते. ते चोर असतेच असे नाही.

नववी-दहावीच्या वर्गात पुढील प्रयोग अवश्य करून पाहावा. एका पिशवीत ९५ पांढरे वाटाणे आणि राजम्याचे ५ लाल दाणे घ्यावेत. पांढरे म्हणजे प्रामाणिक उमेदवार, लाल म्हणजे खोटारडे. डब्यात १० चिठ्ठ्या ठेवाव्यात, नवांवर 'बरोबर' आणि एकीवर 'चूक' असे लिहावे. पिशवीतून एकेक दाणा काढावा आणि त्याच्यासाठी एक चिठ्ठी उचलावी. 'बरोबर' आली तर पांढरा पास, लाल नापास. 'चूक' आली तर उलट. चिठ्ठी दर वेळी डब्यात परत टाकून डबा हलवायला विसरू नये. दाणे संपल्यावर नापासांच्या वाटीतले पांढरे आणि लाल वेगळे मोजायला सांगावे. साधारणपणे ९-१० पांढरे आणि ४-५ लाल निघतात, पण प्रत्येक गटाचे आकडे थोडे निराळे येतील. ते फळ्यावर लिहून सरासरी काढावी. मोजणी सुरू करण्यापूर्वी 'वाटीत कोणते दाणे जास्त असतील?' याचा अंदाज प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावा. वेळ उरल्यास ५० पांढरे आणि ५० लाल दाणे घेऊन हाच प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडावेत.