मनाची नोंदवही

मंडळी, अंगात ताप भरला की आपण काय करतो? कपाळाला हात लावून पाहतो. डॉक्टर तापमापी लावतात आणि सांगतात, "ताप १०२ आहे." ताप किती ते कळले म्हणजे पुढचा उपाय ठरतो.

पण मन बिघडले तर? आपण एवढेच म्हणतो, "बरं वाटत नाही." भाव पडला की चीड येते. पाऊस लांबला की धास्ती वाटते. लेक सासरी गेली की हुरहूर लागते. राबून राबून शीण येतो. या चारही गोष्टी निराळ्या. धास्तीला धीर लागतो, शिणाला विसावा लागतो. नाव कळले नाही तर उपाय कसा सुचणार?

ही अडचण ओळखून काही लोकांनी मोबाइल फोनासाठी एक ॲप तयार केले. ॲप म्हणजे फोनात बसवायचे, एखादे काम करणारे साधन. या ॲपचे नाव 'हाउ वुई फील', म्हणजे 'आपल्याला कसे वाटते'. २०२० साली कोरोनाच्या साथीत, लोकांनी आपली लक्षणे कळवावीत म्हणून ते अमेरिकेत निघाले होते. पुढे २०२२ साली त्याच नावाने मनाच्या नोंदीचे ॲप आले. येल विद्यापीठाचे मार्क ब्रॅकेट आणि पिंटरेस्ट कंपनीचे एक संस्थापक बेन सिल्बरमन यांनी त्यात पुढाकार घेतला.

त्याची रीत सोपी आहे. ॲप आधी दोन गोष्टी विचारते. अंगात जोर किती आहे? आणि वाटते ते सुखाचे की दुःखाचे? यावरून चार रंग होतात. जोर आहे आणि सुख आहे, तो पिवळा. जोर आहे पण त्रास आहे, तो लाल. राग आणि धास्ती यात येतात. जोर कमी पण समाधान आहे, तो हिरवा. जोरही नाही आणि सुखही नाही, तो निळा. रंग ठरला की त्यातला नेमका शब्द निवडायचा. असे एकंदर १४४ शब्द त्यात आहेत. रोज नोंद केली की महिन्याचे चित्र समोर येते.

हे ॲप फुकट आहे. एक ना-नफा संस्था ते चालविते. पण प्रत्येक फुकट वस्तू अशी नसते. काही ठिकाणी आपले गुपित हीच किंमत असते. अमेरिकेत एका समुपदेशन कंपनीने लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती जाहिरातवाल्यांना पुरविली. २०२३ साली तिथल्या सरकारी आयोगाने तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून कोणतेही ॲप घेताना आधी विचारावे, "आम्ही लिहिलेले कुठे जाते? ते कोण वाचतो?"

आता आमची गोष्ट सांगतो. तीन वर्षांमागे आमची पत्नी वारली. लोक विचारीत, "गुरुजी, कसं काय?" आम्ही म्हणत असू, "ठीक." ठीक काहीच नव्हते. नातीने आम्हांला हे ॲप दाखविले. इंग्रजी शब्द आम्हांला रुचेनात. मग आम्ही साधी वही घेतली आणि चार रकाने आखले. रोज निजताना रंग लिहायचा, एक शब्द लिहायचा आणि दिवसभरात काय घडले त्याची एक ओळ लिहायची.

महिन्याने वही उलटून पाहिली. बहुतेक निळ्या दिवशी आम्ही रात्री जेवलो नव्हतो. कोणाशी चार शब्द बोललोही नव्हतो. आम्हांला वाटे, दुःखामुळे जेवण जात नाही. पण उपाशी आणि एकटे राहून दुःखही वाढत होते. ती वही आम्ही डॉक्टरांना दाखविली. त्यांच्या सल्ल्याने औषध घेतले. संध्याकाळी साक्षरता वर्गाला जाऊ लागलो. निळे दिवस संपले नाहीत, पण कमी झाले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. तापमापीने ताप कळतो, उतरत नाही. वहीचे आणि ॲपचेही तसेच. दोन आठवडे मन सारखे निळ्यातच राहिले, झोप आणि भूक गेली, तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा नंबर फिरवा. केंद्र सरकारची ही 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. यात लाज कसली? पाय मोडला तर आपण लाजतो का?

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. सही येते, हिशेब येतो. आज रात्री एक शब्द स्वतःच्या मनाचाही लिहा.