किल्ल्याची माती, गल्लीतली चांदी

बीदरजवळच्या नौबादला पाहुणा आला की हमखास विचारतो, ‘बिदरी काम कुठल्या संग्रहालयात बघायचं?’ उत्तर देताना जरा ओशाळायला होतं, कारण तोंडी येतात ती सगळी दूरची नावं: हैदराबादचं सालारजंग, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, थेट लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही बिदरी मांडली होती.

संग्रहालय बीदरलाही आहे, किल्ल्यातल्या जुन्या शाही हमामात. दगडी मूर्ती, जुनी शस्त्रं बघत माणसं अर्ध्या तासात बाहेर पडतात. पण जिच्यावर गावातली कितीतरी घरं चालली, ती वस्तू त्यांच्या पायाखाली असते: किल्ल्याची माती.

बहामनी काळात इराणी वळणाची दोन कसबं इथं रुजली. एक नौबादच्या जमिनीखाली आहे, विहिरींसारखी विवरं जोडत पाणी आणणारा कारेझ. दुसरं म्हणजे बिदरी. जस्तात थोडं तांबं मिसळून साच्यात भांडं ओततात, घासून गुळगुळीत करतात. मोरचूदाचं पाणी फिरवून ते तात्पुरतं काळं केलं की छिन्नीची नक्षी नीट दिसते. मग खोदलेल्या रेषेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. तो तात्पुरता काळा रंग गेला की भांडं पुन्हा करडं दिसतं आणि चांदी त्यात हरवून जाते. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून तापलेल्या भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरी ती पांढरीच राहते. ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती हवी. जुने कारागीर ती जिभेवर चाखून पारखतात. अशी पारख काचेच्या कपाटात कशी ठेवणार?

म्हणून मला वाटतं, हमामाशेजारी एखाद्या कारागिराला बसायला जागा दिली, तर गाव आणि संग्रहालय यांची नव्यानं ओळख होईल. बिदरीला भौगोलिक मानांकन आहे, २०२३ साली बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्रीही मिळाली. मानाची कमतरता नाही. पोरांनी छिन्नी हातात धरायला मात्र रोजचं गिऱ्हाईक लागतं.

आपल्या मराठी वाचकांना हे परक्या मुलखातलं वाटायचं कारण नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे १९५६पर्यंत बीदर जिल्ह्याचेच तालुके. तेव्हा पुढच्या वेळी किल्ला बघून झाला की लगेच गाडी वळवू नका. गावातल्या चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत शिरा, ठोकण्याचा बारीक आवाज आला की आत डोकवा. आणि भावात घासाघीस करण्याआधी, तार बसवणाऱ्या हाताकडे दोन मिनिटं बघत उभे राहा.