हीट पंप कुठल्या वायफायवर?

सप्टेंबर २०१४ च्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी न्यूझीलंडमध्ये स्पार्कच्या ग्राहकांचं इंटरनेट रखडायला लागलं, ते जवळजवळ सगळा वीकएंड. टेलिकॉम हे जुनं नाव टाकून कंपनीने नवी पाटी लावली, त्याला महिनाही झाला नव्हता. पहिला संशय गेला तो हॉलिवूडच्या नट्यांचे चोरलेले फोटो शोधणाऱ्या हौशी मंडळींवर. मग खरा प्रकार कळला. काही घरांतले मोडेम असे होते की बाहेरच्या कुणीही डीएनएसचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा, प्रश्न विचारावा आणि त्यांनी मुकाट्याने उत्तर द्यावं. परदेशातल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावरून मारा उसळवून पूर्व युरोपातल्या पत्त्यांवर सोडला. अशी घरं शंभराहून थोडीच अधिक होती, पण एवढ्यांनी देशातल्या सर्वांत मोठ्या इंटरनेट कंपनीचं नेटवर्क गुदमरलं. घरमालकांना अर्थातच पत्ता नव्हता. त्यांच्या घरात काहीच बिघडलं नव्हतं.

घरातली यंत्रं वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, हा आज सर्रास दिला जाणारा सल्ला तेव्हा सामान्य घरात कुणी देत नव्हतं. वेगळं ठेवायला होतंच काय? दोन लॅपटॉप, फोन, फार तर एखादा प्रिंटर. दोन वर्षांनी, २०१६ च्या शरदात, अमेरिकेत ‘मिराई’ या मालवेअरने धुमाकूळ घातला. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड घेऊन ते कॅमेरे आणि रेकॉर्डर एकामागून एक ताब्यात घेत सुटलं, आणि २१ ऑक्टोबरला डीएनएस पुरवणाऱ्या डाइन या कंपनीवरच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स तासन् तास बंद पडल्या. न्यूझीलंड सरकारने एप्रिल २०१७ मध्ये ‘सर्ट एनझेड’ सुरू केली: सायबर त्रासाची तक्रार सामान्य माणसानेही जिथे करावी, अशी संस्था. तोवरचा सगळा विचार मात्र एकाच दिशेचा होता. तुमच्या घरातली वस्तू जगाला त्रास देते, तेव्हा तिला आवरा.

या देशात एक गंमत होती. २०११ पासून कोरस आणि तिच्यासारख्या कंपन्यांनी सरकारी योजनेत घरोघर फायबर ओढायला घेतलं. २०२२ च्या अखेरीस काम संपलं तेव्हा ८७ टक्के लोकवस्ती त्याच्या आवाक्यात आली होती. या फायबरवर बहुतेक कंपन्यांचा डेटा ‘व्हीएलएएन १०’ अशी खूण लावून येतो. कंपनीचा राउटर बाजूला ठेवून स्वतःचा लावणाऱ्याला सेटिंगमध्ये हा १० चा आकडा भरावाच लागे, नाहीतर इंटरनेट चालत नसे. म्हणजे एकाच तारेवर खुणेने वेगळे केलेले दोन रस्ते असू शकतात, ही गोष्ट इथल्या हौशी माणसाला सुरक्षेच्या भाषणातून नव्हे, तर जोडणी करताना झालेल्या वैतागातून कळली. ऑकलंडच्या मराठी घरांत संगणकाच्या नोकऱ्या करणाऱ्यांची वानवा नाही; एकाने केलं की गणपतीच्या आरतीनंतर चौघांना समजावून सांगणं आलंच.

घरं यंत्रांनी भरली ती हळूहळू, आणि दिवाणखान्यातल्या बोलक्या स्पीकरपेक्षा जास्त भिंतीवरच्या हीट पंपाने. इथली लाकडी घरं हिवाळ्यात गारठतात. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या ‘हेल्दी होम्स’ नियमांनी भाड्याच्या घराची मुख्य खोली १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असं पक्कं बसवलेलं साधन घरमालकावर बंधनकारक केलं, आणि १ जुलै २०२५ ही सर्व खासगी भाडेकरारांसाठी शेवटची मुदत ठरली. अनेकांनी हीट पंपच बसवला. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना वायफायचं कार्ड असतं, तेही बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजणारं. हीट पंप पंधरा वर्षं टिकतो. त्याच्या वायफाय कार्डाचं सॉफ्टवेअर तितकी वर्षं कोण सांभाळणार, हे दुकानात विचारून पाहा. विक्रेता वॉरंटीचा कागद दाखवतो.

मार्च २०२०च्या लॉकडाउनने विचाराची दिशा फिरवली. ऑफिसचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला आणि हीट पंप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा यांच्याच नेटवर्कवर बसला. त्याच ऑगस्टमध्ये बाहेरून झालेल्या माऱ्यामुळे न्यूझीलंड शेअर बाजाराचे व्यवहार ओळीने चार दिवस खंडित झाले. त्या हल्ल्याचा घरातल्या वस्तूंशी संबंध जोडायला माझ्याकडे आधार नाही, पण ऑफिसांच्या सूचनापत्रांचा सूर त्यानंतर बदलला एवढं नक्की. आता सांगणं असं होतं: जगाला नव्हे, तुमच्या लॅपटॉपला तुमच्याच टीव्हीपासून वाचवा.

सोपा मार्ग होता यंत्रं गेस्ट नेटवर्कवर ठेवण्याचा. वाड्यात आल्यागेल्याला ओसरीवर बसवत, माजघरात नेत नसत, तसंच हे. राउटरच्या ॲपमध्ये एक बटण दाबलं की झालं. कागदावर निर्दोष असलेली ही योजना अनेक घरांत मोडली ती आईवडील पुण्या-नाशिकहून राहायला आल्यावर. आईच्या फोनवर मालिका, ती मोठ्या टीव्हीवर लावायची, आणि फोनला टीव्ही दिसतच नाही. कारण टीव्ही ‘मी इथे आहे’ असं जे ओरडून सांगतो, तो आवाज त्याच्या नेटवर्कच्या हद्दीबाहेर जात नाही. आईचा फोनही गेस्टवर टाकावा, तर बरेच राउटर गेस्टवरच्या दोन यंत्रांना एकमेकांशीही बोलू देत नाहीत. मग खरी व्यवस्था करावी लागते: घरच्या बाजूने यंत्रांकडे जायला मुभा, यंत्रांनी फक्त विचारल्याचं उत्तर द्यायचं, स्वतःहून घरात शिरायचं नाही, आणि ती ओरड तेवढी पलीकडे पोचवणारा एक निरोप्या, म्हणजे एमडीएनएस रिपीटर. हे ज्याला जमतं त्याचं भलं. बाकीच्या घरांत आई रुसली आणि टीव्ही पुन्हा मुख्य वायफायवर गेला. मला यात घरच्यांचा दोष वाटत नाही. मालिका बघायला नेटवर्क इंजिनीअर लागत असेल, तर तो सल्ला अर्धाच आहे.

१७ मे २०२१ ला या सल्ल्याची दुसरी मर्यादा दिसली. युफी कंपनीच्या सर्व्हरवर अपडेट करताना घोळ झाला आणि सुमारे तासभर काही ग्राहकांना ॲपमध्ये भलत्याच घरांचे कॅमेरे दिसू लागले. बाधित देशांच्या यादीत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया होते. कंपनीच्या मते आकडा ७१२ ग्राहकांचा. तुमचा कॅमेरा कितीही काटेकोर व्हीएलएएनमध्ये कोंडलेला असो, चित्र जायचं ते कंपनीच्याच दारी, आणि घोटाळा तिथे झाला. दुसऱ्याच दिवशी वायकाटो आरोग्य मंडळावर रॅन्समवेअर कोसळलं आणि ही बातमी मागे पडली. माझ्या मते बाळाच्या खोलीत कॅमेरा लावणाऱ्याने आधी तीच वाचायला हवी.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे नवं मानक आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं क्लाउडवाचून घरातल्या घरात एकमेकांशी बोलतील, हे त्याचं आश्वासन. चांगलंच आहे, पण तेही त्याच ‘मी इथे आहे’ ओरडण्यावर अवलंबून, त्यामुळे नेटवर्क विभागणाऱ्याचं काम वाढलं.

आणि मग स्वस्त अँड्रॉइड बॉक्स. भारतीय वाहिन्या दिसाव्यात म्हणून परदेशस्थ घरांत ते कुणाकुणाच्या हातून येतात. जून २०२५ मध्ये एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल इशारा दिला: काही बॉक्समध्ये दूषित सॉफ्टवेअर विकत घेण्याआधीच भरलेलं असतं, काहींत ते सुरुवातीच्या जोडणीवेळी उतरतं, आणि मग भलत्यांची वर्दळ तुमच्या घराच्या पत्त्यावरून बाहेर पडते. वेगळ्या नेटवर्कवर ठेवलात तर लॅपटॉप वाचेल. ती वर्दळ थांबणार नाही. अशा बॉक्सला वेगळी खोली देण्यात अर्थ नाही, तो कचऱ्यातच टाकावा. ई-कचऱ्यात, अर्थात.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच सोपा पासवर्ड घालून यंत्रं विकायला बंदी केली आणि सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळतील ते सांगणं उत्पादकांना भाग पाडलं. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी कायदा करून आपल्या नियमांसाठी ४ मार्च २०२६ ही तारीख ठरवली. न्यूझीलंडमध्ये तेव्हा असा कायदा नव्हता. सर्ट एनझेड दरम्यान गुप्तवार्ता खात्याच्या छत्राखालच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रात सामावली गेली. सल्ला आता तिथून मिळतो, आणि तो अजून घर चालवणाऱ्यालाच उद्देशून असतो. पंधरा वर्षं टिकणाऱ्या हीट पंपात तीन वर्षांचं सॉफ्टवेअर घालणाऱ्याला नव्हे.