वैमानिकाचे अवधान आणि गणकयंत्रांचा सहवास

अवधान हा शब्द मराठी वाचकास अपरिचित नाही. कथेकरी व कीर्तनकार श्रोत्यांकडे प्रथम अवधानच मागत आले आहेत. आणि एकाच वेळी अनेक व्यवधाने सांभाळणाऱ्या मनुष्यास आपण कौतुकाने ‘अष्टावधानी’ म्हणतो. तथापि मनाची ही शक्ती परिमित आहे. एका वस्तूकडे दिलेले अवधान दुसरीकडून काढूनच घ्यावे लागते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली असे प्रतिपादिले की, जेथे माहिती विपुल होते तेथे अवधान दुर्मिळ होते. गणकयंत्रांनी वेढलेल्या मनुष्याने आपले अवधान कसे राखावे, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार ज्या क्षेत्रात विशेषेकरून झाला ते क्षेत्र विमानोड्डाणाचे होय.

त्याचे उदाहरण गोंदिया जिल्ह्यातच आढळते. गोंदिया शहराजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी होती. पुढे तेथे विमानतळाचा विकास झाला, आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडातील सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतून वैमानिकांना शिक्षण देणारी ‘नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ ही संस्था उभी राहिली. येथील शिक्षणात वापरलेले डायमंड डीए-४० हे विमान चार आसनांचे व एका इंजिनाचे आहे. परंतु त्याचा चालककक्ष मात्र पूर्णतः गणकयंत्रांच्या युगातील आहे.

जुन्या लहान विमानांत वैमानिकासमोर मुख्यतः सहा तबकड्या असत. वेग, उंची, दिशा, विमानाचा कल, वळण आणि चढ-उताराची गती ही माहिती त्यांवरून मिळे. डीए-४० मध्ये त्यांची जागा गार्मिन जी-१००० या प्रणालीच्या दोन पडद्यांनी घेतली. डाव्या पडद्यावर विमानाची स्थिती, वेग व उंची दिसते. उजव्या पडद्यावर नकाशा, नियोजित मार्ग आणि इंजिनाची प्रकृती दिसते. पडदे बंद पडल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून काही जुन्या धर्तीच्या तबकड्याही शेजारी ठेवलेल्या असतात.

माहिती वाढली, ती एकत्र आली आणि सुवाच्यही झाली. मग सुरक्षितता त्याच प्रमाणात वाढली काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २००२ ते २००६ या काळात बनलेल्या लहान विमानांचा तौलनिक अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध केले. पडदे असलेल्या विमानांच्या एकूण अपघातांचे प्रमाण कमी आढळले. परंतु प्राणघातक अपघातांचे प्रमाण तबकड्यांच्या विमानांपेक्षा अधिक आढळले. अशी विमाने बहुधा लांबच्या प्रवासास व प्रतिकूल हवामानात वापरली जात, हे लक्षात घेतले तरी केवळ उत्तम यंत्रामुळे सुरक्षितता आपोआप येत नाही, एवढे यावरून स्पष्ट झाले.

याचे कारण मनुष्याच्या मनात शोधावे लागते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवरील पहारेकऱ्यांच्या कामाचा अभ्यास करण्यासाठी एक घड्याळ तयार केले होते. त्याचा काटा टप्प्याटप्प्याने सरके आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी तेवढी टिपावयाची असे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अवघ्या अर्ध्या तासातच पाहणाऱ्याची दक्षता ओसरू लागते, असे दिसून आले. १९८३ साली लिझॅन बेनब्रिज यांनी याच विचाराला पुढची जोड दिली. यंत्र नित्याचे काम स्वतःकडे घेते आणि मनुष्याकडे केवळ देखरेख ठेवते. म्हणजे जे काम मनुष्याला सर्वांत कमी साधते, नेमके तेच त्याच्या वाट्यास येते.

२९ डिसेंबर १९७२ रोजी फ्लोरिडात झालेला ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानाचा अपघात या संदर्भात नेहमी अभ्यासला जातो. पुढील चाक उतरल्याचे दर्शविणारा एक लहानसा दिवा लागला नाही. विमान २००० फुटांवर स्वयंचालकाच्या हवाली करून सर्व चालकवर्ग त्या दिव्यात गुंतला. उंची राखणारी योजना नकळत सुटली, विमान हळूहळू खाली आले, आणि उंची बदलल्याची सूचना वाजली तरी तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १०१ माणसे मृत्युमुखी पडली. चाक खाली उतरलेले होते. केवळ दिवा निकामी झाला होता.

अशा अनुभवांतून अवधानाचे नियम सिद्ध झाले. पहिला नियम क्रमाचा: प्रथम विमान सांभाळावे, नंतर मार्ग पाहावा, त्यानंतर संभाषण करावे. दुसरा नियम दृष्टीचा: स्वच्छ हवेत उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकाने बहुतांश वेळ बाहेर पाहावे आणि पडद्यावर केवळ अल्पकाळ नजर टाकावी, कारण त्याच धावपट्टीभोवती फिरणारे दुसरे विमान प्रथम डोळ्यांनीच टिपावयाचे असते. तिसरा नियम मौनाचा: अमेरिकेत १९८१ पासून, प्रवासी विमान १०,००० फुटांखाली चढत वा उतरत असता चालककक्षात कामाव्यतिरिक्त बोलण्यास मनाई झाली. यंत्रालाही मर्यादा घालून दिलेली असते. तत्काळ कृतीची सूचना लाल, सावधगिरीची पिवळी आणि साधी माहिती पांढरी. सर्वच सूचना सारख्या मोठ्याने ओरडू लागल्या तर एकही ऐकू येणार नाही.

या नियमांची उपयुक्तता विमानापुरती मर्यादित नाही. मार्क वायझर यांनी १९९१ साली असे भाकीत केले होते की, गणकयंत्रे सर्वत्र पसरतील आणि परिसरात मिसळून गेल्यासारखी होतील. ती शांत असावीत, असा आग्रह त्यांनी व जॉन सीली ब्राउन यांनी पुढे मांडला. पसरण्याचे भाकीत खरे ठरले, शांततेची अपेक्षा मात्र बव्हंशी अपुरी राहिली. २०२१ पासून अंगणवाडीतील नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या प्रणालीतून भ्रमणध्वनीवर होऊ लागल्या. बालकाचे वजन घेणाऱ्या सेविकेपुढेही तोच प्रश्न उभा राहतो: प्रथम बालकाकडे पाहावे की पडद्याकडे? वैमानिकास शिकविला जाणारा क्रम येथेही लागू पडतो. प्रथम बालक, नंतर नोंद. असा क्रम व्यक्तीच्या निग्रहावर सोडून चालत नाही. तो शिक्षणात, कामाच्या पद्धतीत आणि यंत्राच्या रचनेत आधीच घालून द्यावा लागतो.