फळकुटांचा हिशेब

माळवद उतरवलं त्या उन्हाळ्यात गोठ्यात म्हशीच्या जागी मी लाकूड बांधलं, असं आमचे हे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. चौदा कड्या, दोन तुळया, तीन चौकटी आणि ढीगभर फळकुटं. घर पाडायला आलेल्या ठेकेदारानं तो सगळा माल जळणाच्या भावानं मागितला होता, सहा रुपये किलो. नव्या स्लॅबच्या घरात एकाही कडीचा उपयोग नव्हता, तेव्हा घरातल्या सगळ्यांना तो भाव पटला. मला नाही पटला. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, कार्यानुभवाच्या तासाला पोरांकडून काड्यापेट्यांच्या खुर्च्या करून घेतल्या. बसता येईल अशी खुर्ची मात्र एकदाही केली नव्हती. निवृत्तीला दोन महिने उरले होते. म्हटलं, राहू द्या गोठ्यात, म्हैस तशीही विकलीच आहे.

माळेगाव बुद्रुकला आता नगरपंचायत आहे आणि गल्लीगल्लीत स्लॅब पडतायत. जुनी माळवदं एकेक करून उतरतायत. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. दोन भिंतींवर तुळई, तुळईवर हात-दीड हात अंतरानं कड्या, कड्यांवर आडव्या किलचा, किलचांवर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. आमच्याकडे पाऊस बेताचा, म्हणून मातीचं सपाट छप्पर चालून जायचं. तुळया ऐपतीप्रमाणे सागाच्या, कड्या बहुतेक बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या. बाभूळ इथं मुबलक. कालव्याच्या कडेनं, ओढ्याच्या काठानं, बांधावर, कुठंही.

कडी बाहेरून काळीकुट्ट दिसते. तो साठ-सत्तर वर्षांचा चुलीचा धूर. करवतीनं टोक उडवलं की आत तांबूस, घट्ट, ओल्या विटेच्या रंगाचं लाकूड निघतं. मला वाटलं, नऊ फुटांची कडी म्हणजे नऊ फूट लाकूड. तसं नसतं. कडीचं टोक भिंतीत गेलेलं असतं, तिथं ओल मुरते, वाळवी लागते. दोन्ही टोकं काढली की हातात येतात साडेसहा-सात फूट. मधे एखादी जुनी खाच निघाली की आणखी कमी. भंगारातल्या लाकडाचा पहिला हिशेब हा असा, वजाबाकीचा.

गावातल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांच्या आज्यापर्यंत घरात बलुतं होतं. नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करायची आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. मामा स्वतः मात्र उभा जन्म प्लायवूड आणि सनमायका चिकटवत आले. त्यांनी ढिगाला एक फेरी मारली.

"बाई, करायचंय काय?"

"टेबल. नातवाला अभ्यासाला."

"मग दोन दिवस टेबलाचं नाव काढू नका. आधी खिळे काढा."

दोन दिवसांचे अकरा झाले. जुने खिळे लोहारानं घडवलेले, चौकोनी अंगाचे. गंजून लाकडाशी असे एकजीव झालेले की ओढले तर डोकं तुटून हातात येतं. मामांनी एक युक्ती दाखवली: खिळा उपटायच्या आधी हातोडीनं किंचित आत ठोकायचा. गंजाची पकड सुटते, मग जांबूर लावून ओढला की अख्खा येतो. जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून कडीवरून फिरवायचं. आणि बाभूळ स्वतःच चहाडी करते. बाभळीच्या सालीत आणि शेंगांत टॅनिन भरपूर, म्हणून तर त्यांनी चामडं कमावतात. लाकडातही ते असतंच. लोखंड, ओल आणि टॅनिन एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो. जुनी काळी शाई याच मेळातून व्हायची. तेव्हा तांबूस लाकडात जिथं काळं वर्तुळ दिसेल तिथं खिळा आहे, नाहीतर होता, असं धरून चालायचं. हे सगळं मी शहाणी झाल्यावर सांगतेय. चौथ्या दिवशी अशाच एका वर्तुळाकडे दुर्लक्ष केलं, यंत्राची करवत चालवली, एक ठिणगी उडाली आणि पात्याचे दात गेले. तुटलेला दात गोठ्याच्या पत्र्यावर टण्णकन आपटला तेव्हा मामा काही बोलले नाहीत; चष्मा घालायला लावलं, बस्स. आता चष्म्याशिवाय मी यंत्राच्या आसपास फिरकत नाही.

तुमच्याकडे माळवद नसेल तरी लाकूड आहे. बारामतीच्या एमआयडीसीसारख्या ठिकाणी यंत्रं आणि सुटे भाग पाइनच्या खोक्यांतून, पॅलेटवरून येतात, आणि ती खोकी शेवटी भंगारवाल्याच्या आवारात जातात. पाइन हलकं, मऊ, रंध्याला लोण्यासारखं. मात्र घेण्याआधी त्यावरचा शिक्का वाचायचा. चौकटीत गव्हाच्या लोंबीसारखं चित्र, शेजारी देशाची दोन अक्षरं, कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी 'एच टी' किंवा 'एम बी'. एच टी म्हणजे लाकूड तापवलेलं: गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं, आतली कीड मरावी म्हणून. एम बी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली.

हा खटाटोप खोक्याच्या लाकडातून किडे देशोदेशी फिरायला लागले म्हणून. आशियातला लांब मिशांचा एक भुंगेरा 1996 मध्ये न्यूयॉर्कमधल्या झाडांत सापडला आणि तिथं झाडंच्या झाडं तोडावी लागली. मग 2002 मध्ये खोक्यांच्या लाकडासाठी जगभराचा एक नियम ठरला, त्याचा हा शिक्का. मी फक्त एच टी घेते. शिक्का नसेल, तेलाचा किंवा रसायनाचा डाग असेल, वास येत असेल, तर फुकट दिलं तरी घरात आणत नाही. जेवणाचं ताट कशावर ठेवायचं याचा विचार नको का? आणि पॅलेट उपटत बसू नये. त्याचे खिळे पिळाचे असतात, फळी फाटते पण खिळा येत नाही. दोन फळ्यांच्या फटीत लोखंड कापायचं पातं घालायचं आणि खिळाच कापून टाकायचा.

बैलगाडीच्या चाकाबद्दल मात्र माझं मत थोडं कडवट आहे. ढाब्यांवर चाकावर काच टाकून टेबल करतात, ते मला बघवत नाही. चाक कसं होतं ते एकदा समजून घेतलं की काच ठेवायची हिंमत होत नाही. मधला तुंबा बाभळीचा, त्यात आरे ठोकून बसवलेले, बाहेरून वळणदार तुकड्यांचं कडं आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, तापून फुगली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक आवळून धरतं. ना सरस, ना स्क्रू. मी लहान असताना आमच्या आळीत धाव चढवायची तेव्हा आम्हा पोरांना पाण्याच्या घागरी घेऊन उभं करायचे. वाफेचा तो फस्सकन आवाज अजून कानात आहे. बाभूळ त्याआधी महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून मुरवलेली असायची, म्हणजे पुढे तडकत नाही. ऊस ओढायला टायरच्या लोखंडी गाड्या आल्या आणि अशी चाकं उकिरड्याला लागली. मला एक मोडकं मिळालं. धाव काढली, सुट्या आऱ्यांचे दोन स्टुलांचे पाय झाले. आरे मुळातच टोकाला निमुळते, कुसू आयतंच तयार.

तेव्हा कुसवाचं सांगायलाच हवं. एका लाकडाचं टोक कापून जीभ काढायची, ते कुसू. दुसऱ्यात पटाशीनं तेवढंच चौकोनी भोक पाडायचं आणि जीभ त्यात ठोकायची. स्क्रू का नाही? पायाच्या टोकाकडून स्क्रू मारला तर तो उभ्या रेषांमध्ये जातो आणि चार महिन्यांत हलतो. आणि सत्तर वर्षं वाळलेल्या बाभळीत स्क्रू मारायचा म्हणजे आधी भोक पाडा, स्क्रूला मेण लावा, तरी त्याची मान तुटायची भीती. एक कुसू करायला मला सुरुवातीला पाऊण दिवस लागायचा. मामा चहा थंड व्हायच्या आत करायचे.

नातवाचं टेबल श्रावणात तयार झालं. वर तुळईतून कापलेल्या सागाच्या चार फळ्या, खालून दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून पक्क्या. दिसायला झकास. एप्रिलमध्ये एका रात्री माजघरात काठी मोडावी तसा आवाज झाला आणि सकाळी पाहिलं तर दुसरी फळी उभी फाटलेली. लाकूड कितीही जुनं असो, पावसाळ्यात रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ हलत नाही. आडव्या पट्ट्यांनी मी त्याचं आकसणं अडवून धरलं होतं. मग त्यानं आपली वाट स्वतः काढली. आता पट्टीत लांबट भोकं पाडते आणि स्क्रू त्यात सैल ठेवते, फळीला सरकायला जागा राहते. मामांना विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "प्लायवूड हलत नाय बाई, मलाच आठवण राह्यली नव्हती."

परदेशात या विषयावर थोर माणसांनी डोकं चालवलंय. हॉलंडच्या गेरिट रीटवेल्ड यांनी 1934 मध्ये खोक्याच्या साध्या फळ्यांच्या खुर्च्या काढल्या, सुट्या भागांत विकायच्या. इटलीच्या एन्झो मारी यांनी 1974 मध्ये फळ्या आणि खिळे एवढ्यावर होणाऱ्या फर्निचरचे आराखडे काढले आणि टपालखर्च पाठवेल त्याला ते देऊ केले. स्वतःच्या हातानं एक टेबल केलं की माणसाला चांगलं-वाईट टेबल ओळखता येईल, ही त्यांची कल्पना. मला ती पटते. पण त्या दोघांचाही आराखडा आधी आणि फळी नंतर. आमच्या गोठ्यात उलटं आहे. साडेसहा फुटांच्या कडीतून 30 इंचाचे दोन पाय निघतात आणि दीड फुटाचा तुकडा उरतो. तो फेकवत नाही. तसे चार तुकडे साठले की 18 इंच उंचीचं एक स्टूल. म्हणून आमच्याकडे टेबल दोन आणि स्टुलं सात झाली. सात स्टुलं कुणाला हवी होती? कुणालाच नाही.

पैशांचं विचाराल तर ही काटकसर नव्हे. पाती, फेविकॉल, पॉलिश, मामांची हजेरी, वीज. बारामतीत तयार टेबल याहून स्वस्त मिळतं आणि मुलगा ते मला दर दिवाळीला ऐकवतो. माझे तास तर मी धरतच नाही. धरले तर ठेकेदाराचे सहा रुपये मोठे वाटायला लागतील.

एक कडी मात्र मी रंध्याला लावली नाही. तिच्यात लोखंडी कडा होता, पाळणा टांगायचा. यांचा पाळणा त्यालाच, नंतर माझ्या मुलाचाही. मामा म्हणाले, काढू का? नको म्हटलं. त्या कडीचा धूर नुसता पुसून, कड्यासकट तिचा दुसऱ्या टेबलाचा मागचा पाय केला. नातू त्याला दप्तर अडकवतो. सासूबाई ब्याऐंशीच्या, दिसतं कमी. त्यांनी हात फिरवून कडा चाचपला, बोटानं हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "तेल सोड गं याच्यात. तेव्हाबी रात्रभर करकर करायचा, पोर झोपायचं न्हाई."