जागा अडवून बसलेले राखणदार

ऐका पोरांनो. मृग बरसला की आपल्या वाशिमकडे सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू होते, आणि त्याच दिवसांत गढूळ पाण्यानं घरोघरी पोटं बिघडतात. पण एकाच माठातलं पाणी प्यालेल्या चौघांपैकी एखादा ठणठणीत राहतो. का बरं?

१९१७ साली, महायुद्ध चालू असताना, आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरलाही हेच कोडं पडलं. आमांशाच्या साथीत सैनिक पटापट अंथरूण धरत होते, एकाला मात्र काहीच झालं नाही. निस्लेंनी त्याच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा काढला. तो निघाला ई. कोलाय! ज्याच्या काही भाऊबंदांमुळे जुलाब होतात, त्याच कुळातला हा सज्जन. आज शंभर वर्षांनंतरही तो औषध म्हणून वापरात आहे.

तो करतो काय? आपल्या आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं, वर बुळबुळीत थर. रोगजंतूला दंगा करायचा तर बहुतेक वेळा आधी त्या पेशीला चिकटावं लागतं. दाट उगवलेल्या सोयाबीनात तणाला जागा मिळत नाही, तसं चांगले जिवाणू तिथं आधीच ठाण मांडून बसतात. जंतूला लागणारं लोहही पळवतात. दह्यातले लॅक्टोबॅसिलस आम्ल सोडून त्याला नकोसं करतात. पण मला खरं नवल वाटतं ते पुढचंच. निस्लेंच्या जिवाणूची चाहूल लागली की पेशी स्वतःच जंतुनाशक द्रव्य बनवू लागतात आणि शेजारणीशी असलेले सांधे घट्ट आवळतात. म्हणजे पाहुणा घरधन्यालाच जागं करतो!

आता लगेच दह्याची वाटी घेऊन धावू नका. दह्यातले बरेच जिवाणू जठरातल्या आम्लात मरतात, आणि प्रत्येक जातीचा गुण वेगळा. ताक रोज प्या, छानच आहे. पण हगवण लागली तर आधी जलसंजीवनी.

नेमकी जात निवडली तर काय होतं, ते ओडिशाच्या खेड्यांत दिसलं. तिथं ४,५०० हून अधिक नवजात बाळांवर अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरम आणि त्याचं खाद्य असलेली शर्करा फक्त सात दिवस पाजली. दोन महिन्यांत बाकीच्या शंभरातल्या नऊ बाळांना जंतुसंसर्गानं गाठलं किंवा मृत्यूनं. पाजलेल्यांत हे प्रमाण साडेपाचाच्याही खाली राहिलं.